हेरेरो घरी पाहुणे म्हणून जाताना: पाहुणचार, पोशाख आणि रीतभात

नामिबियात गेलेल्या प्रवाशाला हेरेरो स्त्री पहिल्यांदा दिसते ती बहुधा रस्त्याच्या कडेला कापडी बाहुल्या विकताना, नाहीतर राजधानी विंडहूकमधल्या एखाद्या दुकानाच्या रांगेत. घोट्यापर्यंत पोचणारा घेरदार झगा, लांब फुगीर बाह्या आणि डोक्यावर दोन्ही बाजूंना गाईच्या शिंगांप्रमाणे आडवे निघालेले शिरोवस्त्र असा तिचा थाट असतो. त्या पोशाखात आपलाही एक फोटो असावा असे वाटणे साहजिक आहे आणि पैसे घेऊन तेवढी हौस भागवणारी माणसेही पर्यटनाच्या ठिकाणी भेटतात. मात्र ज्या घरात आपण आधी बसलो, ख्यालीखुशाली विचारली, दिलेले दूध प्यायलो, त्या घरातल्या बाईने स्वतःच्या हातांनी चढवलेला पोशाख ही निराळी गोष्ट आहे. हा लेख या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. म्हणून यात पोशाखाची पायरी पाहुणचारानंतर येते आणि प्रत्यक्षातही हाच क्रम ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

निघण्यापूर्वी एवढे वाचलेले असावे

हेरेरो हा गुरे पाळणारा समाज असून त्याची वस्ती मुख्यतः नामिबियाच्या मध्य आणि पूर्व भागात, तसेच बोत्स्वानामध्ये आहे. वायव्येकडचे हिंबा हे त्यांचेच भाऊबंद असून दोघांची भाषा ओचिहेरेरो हीच आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन ऱ्हेनिश मिशनची ठाणी हेरेरो प्रदेशात उभी राहिली, तेव्हा मिशनऱ्यांच्या बायकांच्या अंगावरचे त्या काळच्या युरोपीय धाटणीचे झगे पाहून आणि मिशनच्या शिवणवर्गांत शिकून हेरेरो स्त्रियांनी तो पोशाख उचलला.

पुढे जे घडले त्यामुळे या पोशाखाकडे केवळ मिशनची देणगी म्हणून पाहता येत नाही. जानेवारी १९०४ मध्ये हेरेरोंनी जर्मन वसाहतवाद्यांविरुद्ध उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्ग या डोंगरपठाराच्या पायथ्याशी झालेल्या लढाईनंतर त्यांना पूर्वेकडच्या ओमाहेके वाळवंटात रेटण्यात आले आणि २ ऑक्टोबर १९०४ रोजी जनरल लोथार फॉन ट्रोथा याने वसाहतीच्या हद्दीत सापडणाऱ्या प्रत्येक हेरेरोला गोळी घालण्याचा हुकूम काढला. जे तहानेने वा गोळीने मेले नाहीत, त्यांतल्या हजारो जणांचा शार्क बेट आणि इतर छळछावण्यांत अंत झाला. समाजाचा बहुतांश भाग त्या चार वर्षांत संपला. वाचलेल्यांच्या बायकांनी तोच झगा पुढे आपला म्हणून टिकवला, त्याचा घेर वाढवला आणि गुरांवरच्या निष्ठेची खूण म्हणून शिरोवस्त्राला शिंगांचा आकार दिला. त्यामुळे ‘तुमच्यावर अत्याचार करणाऱ्यांचेच कपडे तुम्ही का घालता?’ हा प्रश्न पाहुण्याने विचारू नये. तो त्यांनी पुष्कळदा ऐकलेला असतो आणि त्याचे उत्तर त्यांच्या अंगावरच असते.

जर्मनीने या हत्याकांडाला मे २०२१ मध्ये वंशसंहार म्हणून मान्यता दिली आणि तीस वर्षांत १.१ अब्ज युरो विकासनिधी देऊ केला. मात्र वाटाघाटींत आपल्याला थेट स्थान दिले नाही आणि या रकमेला भरपाई म्हटलेले नाही, या कारणांनी अनेक हेरेरो नेत्यांनी आणि त्याच संहारात बळी पडलेल्या नामा समाजाच्या नेत्यांनी तो करार नाकारला आहे. हा विषय अजून धगधगता आहे. यजमानाने तो काढला तर ऐकावे, पण आपण होऊन मत देऊ नये.

कुठे जावे आणि कोणत्या दिवसांत

पहिल्या भेटीसाठी ओकाहांजा हे गाव सर्वांत सोयीचे आहे. विंडहूकच्या उत्तरेला सुमारे सत्तर किलोमीटरवर, डांबरी रस्त्यावर वसलेल्या या गावात हेरेरो प्रमुखांच्या समाध्या आहेत. गुराढोरांचे ग्रामीण जीवन पाहायचे असेल तर वॉटरबर्गच्या पूर्वेकडचा ओकाकारारा भाग किंवा गोबाबिसच्या बाजूची वस्ती निवडावी. ओमारुरू हे पश्चिमेकडचे शांत गाव झेराउआ या हेरेरो प्रमुखांच्या घराण्याचे ठाणे आहे. वायव्येकडच्या ओपुवो गावात हेरेरो आणि हिंबा बायका एकाच दुकानात शेजारी उभ्या दिसतात, परंतु तिथे पर्यटकांची वर्दळ मोठी असल्यामुळे ओळखीशिवाय गेल्यास ठरीव साच्यातला कार्यक्रमच वाट्याला येण्याची शक्यता अधिक.

मुंबईहून विंडहूकला थेट विमान नाही, त्यामुळे जोहान्सबर्ग किंवा अदिस अबाबामार्गे जावे लागते. पीतज्वर असलेल्या देशातून प्रवास होणार असेल तर लशीचा दाखला कुठे दाखवावा लागेल, हे तिकीट काढण्यापूर्वीच तपासावे. लस किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. व्हिसाचे नियम नामिबियाने अलीकडे बदलले असल्याने जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नये आणि तिथल्या गृहखात्याच्या संकेतस्थळावरूनच खात्री करून घ्यावी. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, ही आपल्या लोकांची मोठी सोय आहे. मात्र मुख्य रस्ता सोडला की खडीचे रस्ते लागतात आणि संध्याकाळनंतर गुरे व रानडुकरे आडवी येतात, म्हणून वस्तीवर दिवसाउजेडी पोचावे. मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा प्रवासाला चांगला. दुपार उबदार असली तरी रात्री पारा बराच उतरतो, हे सामान भरताना लक्षात असू द्यावे.

ओळख कशी काढावी

वाटेत वस्ती दिसली आणि गाडी आत घातली, असे कदापि करू नये. विंडहूकमधली अतिथिगृहे, कटुतुरा भागात पायी फिरवून आणणारे स्थानिक वाटाडे, हस्तकलेची केंद्रे आणि चर्चमधली मंडळी यांच्यामार्फत ओळख निघते. ती शक्यतो स्त्रीमार्फत काढावी, कारण पोशाख हा घरातल्या स्त्रियांच्या अखत्यारीतला विषय आहे. वाटाडा स्वतः हेरेरो आहे का, निदान ओचिहेरेरो बोलतो का, हे विचारून घ्यावे. पुष्कळांना इंग्रजी आणि आफ्रिकान्स येते, पण घरातली आजी बहुधा आपल्याच भाषेत बोलते आणि या भेटीत ऐकण्यासारखे बहुतेक सगळे तिच्याकडेच असते.

पैशांविषयी संकोच न करता आधीच बोलावे. भेट कोणी मोफत ठेवत नाही आणि ठेवावी अशी अपेक्षाही योग्य नव्हे. किती माणसे येणार, किती वेळ थांबणार, जेवण असणार का, पोशाख नेसवणे त्यात धरले आहे का आणि वाटाड्याचा वाटा वगळून घराला प्रत्यक्ष किती मिळणार, एवढ्या गोष्टी स्पष्ट कराव्यात. शेवटचा प्रश्न वाटाड्याला आवडला नाही तर दुसरा वाटाडा शोधावा. नामिबियन डॉलरची किंमत दक्षिण आफ्रिकेच्या रँडइतकीच असते आणि रँडही तिथे चालतो, पण खेड्यात सुटे पैसे मिळणे अवघड असल्याने ते शहरातूनच न्यावेत.

पैशाखेरीज घरासाठी काही न्यावे. मक्याचे पीठ, साखर, चहापत्ती, तेल यांतले जे वाटाडा सुचवेल ते नेलेले उत्तम. आपल्याकडून सुती कापड न्यायचे झाल्यास हातभर तुकडा नेऊ नये, कारण ज्या झग्याला दहा मीटरच्या आसपास कापड लागते तिथे तो निरुपयोगी ठरतो. मुलांना परस्पर चॉकलेटे आणि नाणी वाटणे टाळावे. जे द्यायचे ते घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती द्यावे.

आवारात पाऊल ठेवताना

हेरेरो वस्तीला ओंगांदा म्हणतात. त्यात घरे, गुरांचा गोठा आणि मोकळे अंगण असते. पारंपरिक वस्तीत मुख्य घर आणि गोठा यांच्या मधल्या जागेत ओकुरुओ, म्हणजे पूर्वजांशी संवाद साधण्याचा पवित्र अग्नी असतो. बाहेरच्या माणसाला तो ओळखता येईलच असे नाही. पुष्कळदा तिथे फक्त राख, काही दगड आणि एखादे वाळलेले खोड दिसते, आणि नेमके तिथूनच चालत जाण्याची चूक पाहुण्याकडून होते. म्हणून गाडीतून उतरल्यावर जागेवरच थांबावे, कोणी घ्यायला येईपर्यंत पुढे जाऊ नये आणि अग्नी कुठे आहे हे विचारून मगच पाऊल टाकावे. अग्नी व मुख्य घर किंवा अग्नी व गोठा यांच्या मधून जाऊ नये, त्या राखेत काही टाकू नये आणि परवानगीखेरीज त्याचा फोटो घेऊ नये. बहुसंख्य हेरेरो ख्रिस्ती आहेत. १९५५ साली त्यांनी ओरुआनो हे स्वतःचे चर्चही स्थापन केले. तरीही चर्चला जाणाऱ्या कुटुंबात अग्नीचा मान राखला जातो आणि या दोन गोष्टींत त्यांना विसंगती वाटत नाही.

नमस्कार-चमत्काराला वेळ द्यावा. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला आधी भेटावे. हस्तांदोलन करताना डावा हात उजव्या कोपराशी टेकवणे हे आदराचे लक्षण मानले जाते. ‘मोरो’ म्हणून सुरुवात करावी, ‘पेरिवी?’ म्हणजे ‘कसे आहात?’ असे विचारावे, आपल्याला विचारले तर ‘नावा’, म्हणजे ‘छान’, असे सांगावे आणि काही मिळाल्यावर ‘ओकुहेपा’ म्हणून आभार मानावेत. एवढे चार शब्द नीट म्हटले तरी वातावरण मोकळे होते. त्यानंतर पाऊस, गुरे, प्रवास आणि दोन्हीकडची मुलेबाळे यांवर बोलणे होते. ते उरकून मूळ विषयाकडे वळण्याची घाई करू नये. गुरांचे कौतुक अवश्य करावे, त्यांचे रंग आणि शिंगे यांबद्दल विचारावे. हेरेरो भाषेत गुरांच्या अंगावरचे रंग व ठिपके यांच्यासाठी भरपूर शब्द आहेत आणि गुरे, माणसे, ठिकाणे यांच्या स्तुतीची कवनेही आहेत. मात्र ‘एकूण किती गुरे आहेत?’ असे विचारू नये. ते थेट बँकेतली शिल्लक विचारण्यासारखे आहे.

दूध, मांस आणि शाकाहारी पाहुणा

पाहुण्यापुढे येणारी खरी मानाची वस्तू म्हणजे ओमाएरे, म्हणजेच विरजलेले दूध. ते परंपरेने भोपळ्याच्या पोकळ तुंब्यात विरजत ठेवतात. तुंबा टांगून मागे-पुढे हलवत राहिले की लोणी वेगळे होते आणि खाली दाट, आंबट, थोडा धुराचा वास असलेले दूध राहते. जुन्या रिवाजात हे दूध घरातल्या कर्त्या पुरुषाने अग्नीपाशी चाखून मोकळे केल्याशिवाय इतरांनी प्यायचे नसते. म्हणून भांडे समोर ठेवले तरी यजमानाने खूण करेपर्यंत थांबावे. दोन्ही हातांनी घ्यावे, लहान घोट घ्यावा, आणि ते आंबट लागले तरी तोंड वाकडे करू नये. कच्च्या दुधाने पोट बिघडण्याची भीती असेल तर दूध उकळलेले आहे का, हे वाटाड्याला आधीच विचारून ठेवावे आणि प्यायचे नसल्यास तेही भेटीपूर्वीच कळवावे. समोर आलेले भांडे परत करणे हे न बोलावता येण्याहून वाईट दिसते.

मांसाबद्दल मराठी शाकाहारी मंडळींनी विशेष काळजी घ्यावी. पाहुण्यासाठी बकरा कापणे हा मान असतो आणि तो कापल्यावर ‘आम्ही खात नाही’ असे सांगणे फार उशिराचे होते. भेट ठरतानाच हे सांगितले तर मक्याच्या पिठाचे घट्ट पिठले, ओमाएरे, तळलेले पाव आणि दुधाचा गोड चहा यांवर जेवण निभावते, फक्त तळण कशात केले आहे ते विचारून घ्यावे. धार्मिक कारणाने न खाणे तिथे चटकन समजते, कारण हेरेरोंमध्येही वडिलांकडून येणाऱ्या ओरुझो या कुळानुसार अमुक रंगाची गुरे पाळू नयेत, तमुक मांस खाऊ नये, असे निर्बंध असतात. आईकडून येणारे एआंदा हे कूळ वेगळेच. प्रत्येक माणूस या दोन्ही कुळांचा असतो आणि कुठले काय कोणाकडून मिळते याची चर्चा जेवताना निघाली तर ती दीर्घकाळ चालते. गोत्र आणि कुळाचार यांत वाढलेल्या आपल्या लोकांना ती समजायला जड जात नाही.

पोशाख अंगावर चढवताना

पोशाखाची इच्छा जेवणानंतर, घरातल्या बाईपाशी, प्रश्नाच्या रूपात मांडावी. झग्याला ओहोरोकोवा आणि शिरोवस्त्राला ओचिकाइवा म्हणतात. हे शब्द माहीत असले की मागणी गमतीची वाटत नाही. पूर्ण पोशाख हा परंपरेने विवाहित स्त्रीचा मानला जातो. आज वयस्क बायका तो रोज घालतात, तर तरुण मुली लग्न, अंत्यविधी किंवा समारंभापुरता. अविवाहित पाहुणीला नेसवावे की नाही, हे घर ठरवते. काळा पोशाख शोकाचा असू शकतो, त्यामुळे तो हवा असा हट्ट धरू नये.

आत अंगाला बसणारे, लांब बाह्यांचे साधे कपडे घालून जावे, म्हणजे सगळे उतरवण्याची वेळ येत नाही. प्रथम परकर येतात, एकावर एक असे अनेक, आणि प्रत्येक परकर कमरेवर चापून बसवला जातो, कारण बाहेरच्या झग्याचा फुगा सगळा त्यांच्यावरच उभा राहतो. त्यानंतर झगा डोक्यावरून घालतात. त्याची चोळी अंगाला घट्ट असून कंबर नेहमीपेक्षा वर, छातीच्या खालीच असते, आणि तिथून कापडाचा घेर सुटतो. हात वर करून उभे राहायचे आणि नेसवणारी सांगेल तेव्हाच वळायचे, कारण शिवण उसवण्याची भीती असते. खांद्यावर शाल आली की अर्धे काम होते.

उरलेले अर्धे काम शिरोवस्त्राचे. आधी केस आवळून त्यांच्यावर एक कापड बांधतात. मग बहुधा झग्याच्याच कापडाची लांब पट्टी घेऊन तिच्या आत ताठपणासाठी गुंडाळलेले वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा घालतात आणि कपाळाच्या वर आडवी धरून दोन्ही टोके समान निघतील अशी गुंडाळतात. नेसवणारी बाई या वेळी दोन पावले मागे जाऊन पाहते, पुन्हा जवळ येते, एक टोक बोटभर ओढते, टाचणी तोंडात धरून ठेवते आणि तिला समाधान वाटेपर्यंत ती टोचत नाही. या काळात आपण मान हलवू नये आणि ‘पुरे झाले’ असेही म्हणू नये. वाकडे ओचिकाइवा घालून आपल्या घरातून कोणी बाहेर पडले, तर ते तिच्याच नावावर जमा होते. शेवटी मध्यभागी एखादी पिन किंवा ब्रोच लावतात.

पोशाखातले चालणे पाहूनच शिकावे. पावले लहान, गती संथ, मान सरळ. हेरेरो बायका स्वतः याची सांगड गाईच्या डौलदार चालीशी घालतात. वळायचे तर फक्त डोके न वळवता खांद्यांसकट सगळेच वळावे. घेर पुढून दोन्ही हातांनी किंचित उचलला की पायात येत नाही. बसताना खुर्चीच्या कडेवर टेकून मग घेर सावरावा. उन्हात इतक्या कापडात घामाघूम व्हायला होते, तेव्हा सावलीतच थांबावे आणि चक्कर येत असेल तर लाजेने गप्प न राहता लगेच सांगावे.

पुरुष पाहुण्यांना हा विधी बहुधा बाहेर बसून चहा पीत ऐकावा लागतो. हेरेरो पुरुष समारंभाला सूट आणि हॅट घालतात किंवा लष्करी धाटणीचा गणवेश चढवतात. तो गणवेश त्यांच्या संघटनेच्या सदस्यांचा असतो, त्यावरची पदचिन्हे दर्जानुसार मिळतात, म्हणून तो फोटोपुरता मागू नये.

स्वतःसाठी शिवून घ्यायचा असेल तर कटुतुरातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे मापे द्यावीत आणि प्रवासाच्या सुरुवातीलाच द्यावीत, म्हणजे परतताना तो हाती येतो. कापडाची किंमत आणि शिलाई वेगवेगळी विचारावी. शिरोवस्त्र बांधलेल्या अवस्थेत न आणता उलगडून आणावे आणि बांधण्याचा व्हिडिओ परवानगी घेऊन करून ठेवावा.

ओकाहांजाचा लाल दिवस

हेरेरोंचे प्रमुख सामुएल माहारेरो यांचा १९२३ साली बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोत्स्वानामध्ये, निर्वासित अवस्थेत मृत्यू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा देह ओकाहांजाला आणून पूर्वजांशेजारी पुरला गेला. तेव्हापासून ऑगस्टच्या अखेरीस तिथे मोठा मेळा भरतो. बायका लाल-काळ्या पोशाखात आणि पुरुष गणवेशात संचलन करत समाध्यांपर्यंत जातात. ओमारुरूच्या मेळ्याचा रंग पांढरा आणि पूर्वेकडच्या म्बांडेरू या हेरेरो शाखेचा हिरवा. नेमका दिवस आणि कार्यक्रम दरवर्षी स्थानिकांकडून पक्का करून घ्यावा.

तिथे पाहुण्याने हेरेरो पोशाख घालून जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. बोलावणाऱ्या कुटुंबाने स्वतः नेसवले तरच त्याला अपवाद करावा. एरवी स्त्रियांनी पायघोळ कपडे घालावेत आणि डोक्याला साधा रुमाल बांधावा, पुरुषांनी पूर्ण पँट घालावी. रांग समाधीपाशी गुडघे टेकून पुढे सरकते. आपल्याला तीत घेतले तर पुढच्याने केले तेच करावे, आणि न घेतल्यास कुंपणाबाहेर उभे राहावे.

फोटो आणि निरोप

रस्त्यात भेटलेल्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. ती पैसे मागेल तर द्यावेत, नाहीतर कॅमेरा खाली करावा. बाहुल्या विकणाऱ्या बायकांकडून निदान एक बाहुली विकत घ्यावी आणि घासाघीस हलकीच ठेवावी, कारण त्या चिमुकल्या ओचिकाइवालाही तासभर लागलेला असतो. घरात काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी पाठवावेत. आजीकडे फोन नसेल तर विंडहूकमध्ये छापून वाटाड्याच्या हाती द्यावेत. आंतरजालावर टाकण्याची परवानगी वेगळी मागावी आणि मुलांच्या बाबतीत ती त्यांच्या आईकडूनच घ्यावी.

निघताना पुन्हा ज्येष्ठांपासूनच निरोप घ्यावा. वाटेसाठी मांस बांधून देऊ केले आणि आपण ओपुवोकडून दक्षिणेला येत असलो तर ते नम्रपणे नाकारावे, कारण गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून उभारलेल्या कुंपणाच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात आणि कच्चे मांस तिथे काढून घेतले जाते. कारण सांगितले की यजमानाला वाईट वाटत नाही. ते कुंपण त्याच्याही गुरांच्या विक्रीच्या आड येत असते आणि त्यावर त्याला बोलायला पुष्कळ असते.